प्रतिकृती-जहाजाच्या फळ्या कधी चिकटवाव्यात?

तपशीलवार गलबत घडवायला वर्षे लागतात, म्हणून विदर्भातल्या गावी हा छंद जोपासणाऱ्याने आधी हवामानाचा विचार करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लाकूड पार सुकून आकसलेले असते. त्या दिवसांत सांगाड्यावर घट्ट बसवलेल्या फळ्या पावसाळ्यात रुंदीला फुगून उचलल्या जातात, तर श्रावणात चिकटवलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात. हे काम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. लाकूड मिळाल्यास हळदूचे घ्यावे, कारण त्याचा पोत बारीक असतो आणि १:४८ प्रमाणात, म्हणजे खऱ्या जहाजाच्या अठ्ठेचाळीसपट लहान प्रतिकृतीत, सागाच्या ठसठशीत रेषा डोळ्यांना खुपतात. सागच वापरायचा असेल, तर त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. तेव्हा चिकटवण्याच्या अगदी आधी फळ्यांच्या कडा स्पिरिटने पुसाव्यात.