पानिपताचा डाव मांडण्याआधी घोडदळाच्या नुकसानीची तयारी

रविवारी गिरगावात टेबलावर छोट्या सैनिक-पुतळ्यांनी (फिगर्सनी) पानिपताच्या लढाईचा डाव मांडायचा, तर बुधवारपर्यंत एका प्रश्नाचा निकाल लावून टाका. टेबलावरून घोडदळाची फिगर उचलली, म्हणजे नेमकं काय गेलं? स्वार मेला, घोडा पडला, की दोघंही धडधाकट असून पथकातून पांगले? पायदळात हा प्रश्न फारसा अडत नाही. घोडदळाचा सगळा डाव मात्र यावरच फिरतो, आणि ऐन चढाईत वाद सुरू झाला की दुपार हातची जाते.

आधी प्रमाण. मी एक फिगर म्हणजे २५ स्वार धरतो आणि पाच फिगर्सचं एक पथक करतो. शिवकाळात २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे. १७६१ पर्यंत फौजेची घडी बदलली होती, तरी हे माप हाताला सोपं पडतं. त्या पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजीही असे. खुरांचा आणि पाण्याचा हिशेब फौज स्वतः ठेवत होती, तो आपल्या नियमांतही हवा.

मग पथकं वेगळी करा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं भांडवलच बुडालं. म्हणून शिलेदारांच्या पथकाची मनोधैर्याची चाचणी (पथक टिकतं की धीर सोडतं, हे फाशाने ठरवणं) पहिल्याच नुकसानीला घ्या, बारगिरांची दुसऱ्या नुकसानीला. पागेच्या फिगर्सखालच्या बैठकींना, म्हणजे बेसना, मागच्या कडेला पिवळी रेघ ओढा, म्हणजे खेळताना विचारावं लागत नाही. काहींना ही कटकट वाटते. मी या नियमावर अडून बसतो, कारण तो काढला तर टेबलावरचे सगळे स्वार एकाच साच्यातले होतात.

भुलेश्वरातून तीन रंगांचे मणी आणा: लाल गारद झालेल्यांसाठी, निळे पांगलेल्यांसाठी, तपकिरी दमलेल्या घोड्यांसाठी. निळे सर्वांत जास्त घ्या. बसलेला प्रत्येक मार आधी निळा मणी होतो. पुढच्या फेरीत पथक मागे घेऊन सावरलं तर निम्मे मणी निघतात, आणि सावरण्याऐवजी पुन्हा लढाईत घातलं तर ते लाल होतात. १४ जानेवारीच्या त्या लढाईत मैदान सोडून निघालेल्या आपल्या माणसांना अब्दालीने परत फिरवून लढाईत घातलं होतं. पहिल्याच फाशाला फिगर कायमची उचलून ठेवली, तर ती दुपार टेबलावर घडूच शकत नाही.

तपकिरी मणी डाव सुरू होण्याआधीच लावायचे, मराठ्यांच्या प्रत्येक पथकाला एक. नोव्हेंबर १७६० पासूनच्या कोंडीत दाणावैरण संपली होती, त्या घोड्यांकडून दोनदा भरधाव दौड मागता येणार नाही. दुसरा तपकिरी मणी आला की पथकाची चढाई बंद, फक्त चाल.

उंटांवरच्या जंबुरक्यांचा (हलक्या तोफांचा) आणि बंदुकांचा मार बसला की आणखी एक फासा टाका. एक ते चार आला तर घोडा गेला, वर आला तर स्वार. तलवारीच्या हातघाईत हे उलटं. घोडा गेलेल्यांसाठी डझनभर पायउतार स्वार रंगवून ठेवा. ते पायदळाच्या चालीने मागे बुणग्यांकडे, म्हणजे फौजेबरोबरच्या बिनलढाऊ लोकांकडे, जातात. मोकळे घोडे दोन-तीन पुरेत.

रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा. फिगर्सच्या डब्याच्या तळाला पत्रा आणि बेसखाली लोहचुंबक असला की लोकलच्या धक्क्यात भाले मोडत नाहीत. तरी फेविक्विक जवळ असू द्या.

शनिवारी रात्री दोनच पथकं घेऊन एक चढाई पुरती खेळून बघा. मणी कमी पडणार असतील तर ते तेव्हाच कळतं.

शेवटी भाऊसाहेबांच्या दोन फिगर्स काढून ठेवा, एक हत्तीवरची, एक घोड्यावरची. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि हौदा रिकामा दिसताच फौजेचा धीर सुटला. ही अदलाबदल झाली की मराठ्यांच्या प्रत्येक पथकाची चाचणी घ्यायची, त्यावर एकही लाल मणी नसला तरी.