विंडोज पुन्हा टाकायचं आहे? आधी लायसन्स बघा, मग पेनड्राइव्ह लावा

विंडोज नव्याने टाकायचं म्हटलं की पहिली धास्ती असते ती पंचवीस अक्षरांच्या ‘की’ची. खोक्यावरचा स्टिकर कुठे गेला, पावती कुठे ठेवली, अशी शोधाशोध सुरू होते. बहुतेक लॅपटॉपना तिची गरजच नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून, ज्या मशीनमध्ये विंडोज कंपनीनेच टाकून दिलेलं असतं त्यांची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेली असते आणि इन्स्टॉलर ती न विचारता वाचून घेतो. घोडं अडतं ते भलतीकडेच: चुकीची एडिशन, न दिसणारी डिस्क आणि विसरलेलं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय.

मशीन चालू आहे तोवर

सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये हीच माहिती ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडते. इथे दोन गोष्टी वाचा आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा. पहिली गोष्ट एडिशन: होम, प्रो की आणखी काही. दुसरी म्हणजे ॲक्टिव्हेशनची ओळ. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर परवान्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या ओळखीशी बांधलेली आहे. त्याच ओळीत मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्याचा उल्लेख असेल तर उत्तमच. नसेल तर त्याच पानावरून खातं जोडून घ्या. पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर हेच खातं उपयोगी पडतं. ओळीत संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचं नाव असेल तर हात आवरा. ते लायसन्स ऑफिसचं किंवा कॉलेजचं आहे. घरी पुन्हा टाकलेलं विंडोज त्यांच्या नेटवर्कशिवाय ॲक्टिव्हेट होणार नाही.

वेगळी विकत घेतलेली रिटेल की असेल तर ती लिहून ठेवा. ही की जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येते. कंपनीने मशीनसोबत दिलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या मदरबोर्डसोबतच राहतं. डिस्क किंवा रॅम बदलल्याने त्याला काही होत नाही. विंडोज ७ च्या जमान्यातले स्टिकर आता स्मृतिचिन्हं समजा. त्या कींवर नवं विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. त्याआधी अपग्रेड करून डिजिटल लायसन्स मिळालेली मशीन मात्र सुरक्षित आहेत.

आता बिटलॉकर. अनेक लॅपटॉपमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ गुपचूप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. पेनड्राइव्हवरून बूट केलं (मशीन चालू केलं) किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या उपकरणावरून खात्यात जाऊन ती आत्ताच उतरवून घ्या. डिस्क पूर्ण पुसायची असेल तर ही की लागत नाही, पण आतल्या फायली वाचवायच्या असतील तर तिच्यावाचून मार्ग नाही.

पेनड्राइव्ह कोणता बनवायचा

दोन प्रकार आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला ‘रिकव्हरी ड्राइव्ह’. स्टार्टमध्ये हे नाव शोधलं की तो बनवण्याचं साधन सापडतं. किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि ‘सिस्टीम फायलींचा बॅकअप घ्या’ या चौकटीत खूण असल्याची खात्री करा. ती खूण काढली तर बनतो तो फक्त दुरुस्तीचा ड्राइव्ह, त्यातून विंडोज पुन्हा बसत नाही. हा ड्राइव्ह त्याच मशीनसाठी असतो आणि बरेचसे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) सोबत आणतो.

दुसरा प्रकार इन्स्टॉलेशन मीडिया. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. मशीन मेलं असेल तर दुसऱ्या कुठल्याही विंडोज संगणकावर हा बनवता येतो. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर आमची पसंती यालाच, कारण कंपनीची चाचणी ॲप्स परत येत नाहीत. कुठलाही बनवा, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाणार.

त्याच पेनड्राइव्हवर नंतर एक फोल्डर करून लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरचे वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर टाकून ठेवा. स्टोरेजचा ड्रायव्हर एक्झी फाइल असेल तर आधी उलगडा, इन्स्टॉलरला आतली आयएनएफ फाइल लागते.

प्रत्यक्ष टाकताना

चार्जर लावलेला असू द्या. दुसरी हार्डडिस्क किंवा बाहेरचा ड्राइव्ह जोडलेला असेल तर काढा. ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ यांच्या गोंधळात फोटोंची डिस्क पुसली गेल्याचे प्रकार कमी नाहीत.

१. मशीन चालू करताच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एस्केप किंवा एफ९, आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ चा मेन्यू आधी बायोसमधून चालू करावा लागू शकतो.

२. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (बूट करण्याची नवी पद्धत) लिहिलेला निवडा. जुन्या पद्धतीने बूट केलं की पुढे डिस्कची विभागणी जुन्या (एमबीआर) पद्धतीची आहे की नव्या (जीपीटी) यावरून इन्स्टॉलर अडून बसतो.

३. रिकव्हरी ड्राइव्ह असेल तर ‘ड्राइव्हवरून रिकव्हर करा’ निवडायचं, बाकी तो पाहून घेतो. इन्स्टॉलेशन मीडिया असेल तर भाषा आणि कीबोर्ड निवडून पुढे जा. की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ यावर टिचकी मारा. मग एडिशन विचारली जाते, तेव्हा फोटोतली एडिशनच निवडा. ‘प्रो चांगलं दिसतंय’ म्हणून होमच्या लायसन्सवर प्रो टाकलं तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही.

४. डिस्कच्या पडद्यावर घाई करू नका. सगळं पुसायचं असेल तर त्या डिस्कवरची पार्टिशन (डिस्कचे भाग) एकेक करून डिलीट करा आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर विंडोज टाका. लागणारी छोटी पार्टिशन इन्स्टॉलर स्वतः बनवतो. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही यात जातं, ते हवं असेल तर वगळा. फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच टाकलं तर आधीच्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये जातात, पण काही दिवसांनी तो फोल्डर आपोआप पुसला जातो.

५. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या. तो बूट क्रमात पहिला असेल तर इन्स्टॉलर पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो आणि काहीच झालं नाही असं वाटतं.

डिस्कची यादीच रिकामी दिसली तर एसएसडी गेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये स्टोरेज ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरमागे असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. ‘लोड ड्रायव्हर’ निवडून मघाचं उलगडलेलं फोल्डर दाखवा, डिस्क समोर येईल.

शेवटचा टप्पा

नव्या विंडोजला वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळालं की ॲक्टिव्हेशन सहसा आपसूक होतं. तपासायचं त्याच सेटिंग्जच्या पानावर.

होमचं प्रो केलेलं मशीन असेल तर एक गंमत होते. फर्मवेअरमधली की होमची असल्याने इन्स्टॉलर न विचारता होम टाकतो. घाबरू नका, ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ‘ट्रबलशूट’ चालवा. प्रोचं डिजिटल लायसन्स नोंदलेलं असेल तर तो प्रोवर जाण्याचा पर्याय देतो. मदरबोर्ड बदलला असेल तर याच ट्रबलशूटमध्ये ‘या उपकरणाचं हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडून जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत या. एरर कोडच्या शेवटी ‘एफ२१३’ असेल तर मशीनमध्ये कीच सापडलेली नाही. वॉरंटीत बोर्ड बदलल्यावर हा कोड दिसला तर कंपनीच्या सेवा केंद्राला नव्या बोर्डमध्ये की लिहून द्यायला सांगा.

रिटेल की जुन्या मशीनवरून सोडवायची असेल तर ते विकण्याआधी त्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एसएलएमजीआर, स्पेस, तिरपी रेघ (/), यूपीके असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. मग नव्या मशीनवर तीच की ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये भरा.

ॲक्टिव्हेशन पहिल्या दिवशी झालं नाही तरी विंडोज चालतं आणि अपडेटही येतात. फक्त कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात आणि वॉलपेपर, रंग वगैरे सेटिंग्ज बदलता येत नाहीत.