परदेशी व्हिसाचा ई-मेल खरा की बनावट, हे कसे तपासावे?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करणारा आमच्या गल्लीतला एक तरुण डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मोबाइल हातात घेऊनच घरी आला. ‘‘काका, कॅनडाचं वर्क परमिट आलंय, जरा बघा की,’’ असे म्हणत त्याने ई-मेल उघडून दाखवला. वर मॅपलचे पान, खाली गोल शिक्का आणि सही, सोबत दोन पानांची पीडीएफ, आणि शेवटी ठळक अक्षरांत सूचना: ४८ तासांच्या आत ४६,५०० रुपये ‘प्रक्रिया शुल्क’ भरले नाही, तर परवाना रद्द होईल. वडील ऊसबिल जमा झाल्यावर पैसे देणार होते आणि बिल यायला अजून आठवडा होता, म्हणून ते पैसे वाचले; एरवी त्याच रात्री गेले असते.

त्या ई-मेलमध्ये शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ‘इंग्रजी अशुद्ध असेल तर ई-मेल बनावट समजावा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, पण आता यंत्राकडून निर्दोष इंग्रजी लिहून घेणे कोणालाही जमते, त्यामुळे मी तरी त्यावर विसंबत नाही. शिक्का आणि सही यांचेही तसेच आहे. संकेतस्थळावरचे चित्र उचलून चिकटवायला दोन मिनिटे पुरतात. ई-मेल कितीही वेळा वाचला तरी तेवढ्याने तो खरा ठरत नाही. तो बंद करून, आपल्या वाटेने त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन, तिथे तीच नोंद सापडते का हे पाहावे लागते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे दिले आहे.

पहिली पायरी: आपण अर्ज केला होता का, हे आठवावे

प्रश्न बाळबोध वाटेल, पण निम्मा निकाल इथेच लागतो. अर्ज कोणत्या तारखेला भरला, अर्ज क्रमांक काय, शुल्काची पावती कुठे आहे आणि खाते कोणाच्या ई-मेलवर उघडले आहे, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. आमच्या वेल्डरने एका जाहिरातीखालचा फॉर्म भरून पासपोर्टचा फोटो पाठवला होता, एवढेच; अर्ज क्रमांक त्याला कधी मिळालाच नव्हता. न केलेल्या अर्जाला मंजुरी येत नाही. अमेरिकेच्या ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ सोडतीत नाव निघाल्याचे ई-मेलही याच प्रकारात मोडतात. भारतात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे त्या सोडतीत भागच घेता येत नाही, आणि ज्यांना घेता येतो त्यांनाही अमेरिकी परराष्ट्र खाते निवड झाल्याचे ई-मेलने कळवत नाही. निकाल अर्जदाराने स्वतः अधिकृत संकेतस्थळावर पाहायचा असतो.

अर्ज केला असेल, तर त्या देशाची पद्धत माहीत करून घ्यावी, कारण बनावट कागद बहुधा पद्धतीतच अडकतो. भारतातून अर्ज करणाऱ्याला कॅनडा प्रत्यक्ष वर्क परमिट ई-मेलने पाठवत नाही. मंजुरी मिळाली की ‘लेटर ऑफ इंट्रोडक्शन’ नावाचे पत्र ऑनलाइन खात्यात येते, व्हिसाचा स्टिकर लावण्यासाठी पासपोर्ट मागवला जातो, आणि परमिट मात्र कॅनडात उतरल्यावर तिथला सीमा अधिकारी देतो. म्हणजे त्या तरुणाच्या मोबाइलमध्ये जी पीडीएफ होती, तसा कागद कोल्हापुरात बसलेल्या माणसाच्या हाती यायलाच नको होता. शिक्का तपासण्याची गरजही उरली नाही.

दुसरी पायरी: पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडून वाचावा

मोबाइलवर ई-मेल उघडला की पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते, आणि ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः ठेवलेले असते. तिथे ‘कॅनडा इमिग्रेशन’ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. जीमेलमध्ये नावाखालच्या ‘टू मी’ शेजारच्या बाणावर बोट ठेवले की पूर्ण पत्ता उघडतो. त्यातला ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा भाग महत्त्वाचा, आणि तो उजव्या टोकापासून डावीकडे वाचायचा. शनिवार पेठ कोल्हापुरातही आहे आणि पुण्यातही आहे. पत्र कुठे जाणार, हे पेठेनंतर लिहिलेल्या गावावरून ठरते. ई-मेलच्या पत्त्याचेही तसेच. ‘कॅनडा डॉट सीए’ इथे पत्ता संपला, तर तो कॅनडा सरकारचा; पण ‘कॅनडा डॉट सीए’नंतर आणखी टिंब देऊन ‘अमुक डॉट कॉम’ जोडलेले असेल, तर मालक ‘अमुक डॉट कॉम’ ठरतो आणि आधीचा ‘कॅनडा’ केवळ शोभेपुरता उरतो.

कॅनडाच्या सरकारी पत्त्यांचा शेवट ‘जीसी डॉट सीए’ किंवा ‘कॅनडा डॉट सीए’ असा होतो, ब्रिटनचा ‘जीओव्ही डॉट यूके’, ऑस्ट्रेलियाचा ‘जीओव्ही डॉट एयू’, अमेरिकेचा नुसता ‘डॉट जीओव्ही’, आणि जर्मन वकिलातींचा ‘डिप्लो डॉट डीई’. आपल्याकडच्या कार्यालयांसाठी ‘जीओव्ही डॉट इन’ पाहावे. हे शेवट वाटेल त्याला मिळत नाहीत. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट ओआरजी’ मात्र कोणीही विकत घेऊ शकतो. ‘जीओव्ही’ आणि ‘यूके’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर तो सरकारी पत्ता नव्हे. इंग्रजी लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिले की लहान पडद्यावर ‘एम’ भासतो, आणि ‘इमिग्रेशन’ या शब्दातच दोन ‘एम’ लागोपाठ येतात, याचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. शंका आली की पत्ता कॉपी करून मोठ्या अक्षरांत पाहावा.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीची वेळ भारतात ज्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतात, ते ‘डॉट कॉम’ आहे, अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी सेव्हिस (विद्यार्थी नोंदणीचे) शुल्क भरण्याचे अधिकृत संकेतस्थळही ‘डॉट कॉम’च आहे, अनेक देशांच्या वतीने अर्ज स्वीकारणारी व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी आहे आणि तिचा पत्ताही ‘डॉट कॉम’ने संपतो. अशा वेळी संबंधित वकिलातीचे सरकारी संकेतस्थळ उघडावे आणि तिथे दिलेल्या दुव्यावरूनच पुढे जावे. गूगलमध्ये शोधल्यावर सर्वांत वर दिसते ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते.

ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांनी जीमेलमध्ये तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ उघडावे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांपुढे ‘पास’ लिहिलेले असते किंवा नसते. सरकारी पत्ता दिसत असूनही ‘फेल’ लिहिलेले असेल, तर पत्ता उसना घेतला असण्याची दाट शक्यता समजावी. मात्र ‘पास’ म्हणजे ई-मेल त्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या ‘ॲट’नंतरच्या नावावरून, आला, एवढेच. ते डोमेन सरकारचे आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘रिप्लाय टू’समोर वेगळाच खासगी पत्ता असेल, तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

तिसरी पायरी: ई-मेलमधला दुवा सोडून स्वतः खात्री करावी

हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. कॅनडाकडून येणारा खरा ई-मेल बहुतेकदा कोरडा असतो: ‘तुमच्या खात्यात नवीन संदेश आला आहे.’ तो दुवा न दाबता आपण नेहमीप्रमाणे खात्यात प्रवेश करावा. संदेश तिथे नसेल, तर ई-मेल खोटा. अमेरिकी व्हिसाची स्थिती परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर डीएस-१६० अर्जाच्या, म्हणजे ‘एए’ने सुरू होणाऱ्या, क्रमांकावरून पाहता येते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ‘व्हेवो’ या सरकारी सेवेत पासपोर्ट क्रमांक आणि मंजुरी क्रमांक घालून तपासता येतो. ब्रिटनचा ई-व्हिसा यूकेव्हीआय या तिथल्या व्हिसा विभागाकडील अर्जदाराच्या खात्यात दिसतो. अमिरातीचा व्हिसा तिथल्या आयसीपी या संघीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, तर दुबईचा जीडीआरएफए या विभागाकडे तपासावा. आणि तिथे नोंद सापडली म्हणून लगेच हुरळून न जाता व्हिसाचा प्रकारही वाचावा, कारण नोकरीचे आश्वासन देऊन व्हिजिट व्हिसावर माणसे पाठवण्याचा प्रकार जुना आहे.

खाते एजंटच्या ई-मेलवर उघडलेले असेल, तर यातले काहीच करता येत नाही. म्हणून राजारामपुरीत असो वा शाहूपुरीत, कोणत्याही केंद्रात अर्ज भरताना ई-मेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा, आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. ‘‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं, आमच्यावर सोडा,’’ असे उत्तर मिळाले, तर फाइल परत मागावी.

चौथी पायरी: पैसे कुठे मागितले, ते पाहावे

हा मजकूर लिहिताना कॅनडाच्या वर्क परमिटचे शुल्क १५५ कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर आहे, आणि ते अर्ज भरतानाच अधिकृत संकेतस्थळावर कार्डाने भरले जाते. मंजुरीनंतर रुपयांत, कोणाच्या तरी यूपीआयवर शुल्क भरण्याची सोय कोणतेही परदेशी सरकार ठेवत नाही. वेल्डरला आलेला क्यूआर कोड आम्ही स्कॅन करून पाहिला, तेव्हा पैसे पाठवण्याआधीच्या पडद्यावर कार्यालयाऐवजी एका व्यक्तीचे नाव आले. पैसे मिळेनात असे पाहून तिसऱ्या दिवशी ‘विशेष सवलतीत’ ३०,००० रुपये भरण्याची संधी देणारा दुसरा ई-मेल आला. सरकारी शुल्कात घासाघीस होते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

‘एलएमआयए’साठी पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. कॅनडात परदेशी कामगार घेण्यापूर्वी मालकाने घ्यायची ती मंजुरी आहे. तिचे १,००० डॉलरचे शुल्क मालकाने भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करता येत नाही.

पाचवी पायरी: एजंट आणि मालक यांची नोंद पाहावी

परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे, आणि बेकायदा एजंटांचीही यादी तिथेच मिळते. भिंतीवर लावलेल्या परवान्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि तो चालू आहे की मुदत संपली आहे, हे तिथे पाहावे. अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. शिक्षणासाठी सल्ला देणारी केंद्रे या नोंदणीत येत नाहीत, तेव्हा त्यांनी दाखवलेल्या ‘सरकारमान्य’ या शब्दावर भुलू नये. कॅनडासाठी पैसे घेऊन प्रतिनिधित्व करणारा सल्लागार तिथल्या वैधानिक ‘कॉलेज’च्या, म्हणजे सल्लागारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, जाहीर यादीत असायला हवा. तिथले वकील त्यांच्या वकील संघटनांच्या यादीत सापडतात.

ब्रिटनमध्ये परदेशी कामगार घेण्याची परवानगी असलेल्या संस्थांची यादी तिथले सरकार प्रसिद्ध करते. मालकाचे नाव यादीत सापडले, तरी काम संपत नाही, कारण बनावट पत्रांवर खऱ्याच कंपन्यांची नावे घातलेली असतात. पत्रावरचा फोन नंबर न फिरवता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील नंबरवर विचारावे. महाविद्यालयाच्या प्रवेशपत्राबाबतही हेच करावे. २०२३ मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रे उघडकीस आल्यावर, त्याच वर्षाच्या १ डिसेंबरपासून तिथल्या सरकारने प्रत्येक प्रवेशपत्र महाविद्यालयाकडून पडताळून घेण्याचा नियम केला. पण ती पडताळणी अर्ज केल्यानंतर होते, आणि तोवर एजंटाची फी गेलेली असते.

पैसे किंवा कागदपत्रे आधीच गेली असतील, तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवता येणे वेळेवर अवलंबून असल्याने, आधी घरच्यांशी चर्चा करत बसू नये. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. प्रत्यक्ष जायचे असल्यास जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे आहेच. नोकरीच्या एजंटविरुद्धची तक्रार मुंबईतील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडेही करता येते.

ई-मेल रागाच्या भरात डिलीट करू नये. त्याचा स्क्रीनशॉट घेतल्याने किंवा तो नुसता फॉरवर्ड केल्याने पाठवणाऱ्याचा तांत्रिक माग उरत नाही. ‘शो ओरिजिनल’च्या पानावरून मूळ ई-मेलची फाइल डाउनलोड करावी आणि तीच पेन ड्राइव्हवर घेऊन पोलिसांकडे जावे. पीडीएफ उघडताना कुठे पासवर्ड टाकला असेल, तर तो लगेच बदलावा. वेल्डरने पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवला होता. आम्ही तक्रारीत तेही तारखेसह लिहिले, म्हणजे उद्या त्या पासपोर्टच्या प्रतीवर कोणी सिमकार्ड घेतले किंवा खाते उघडले, तर दाखवायला त्याच्याकडे कागद राहील.