जुन्या बुलेटच्या मागच्या चाकाला आजचा टायर कसा बसवावा

कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचे टायर येतात: 3.25-19, म्हणजे 3.25 इंच रुंद आणि 19 इंची रिमवर बसणारे. आजकाल मागच्या चाकाचे चांगले टायर मिळतात ते बहुतेक 17 नाहीतर 18 इंची. म्हणून मागे 18 इंची रिम बांधून 110/90-18 टायर (110 मिमी रुंद, उंची रुंदीच्या 90 टक्के) चढवतात. रिम इंचभर लहान झाली तरी गाडी खाली बसत नाही. जुना टायर उभ्याने साधारण 648 मिमी भरतो, नवा 655. खरी अडचण रुंदीची.

रिम विकत घेण्याआधी मोजपट्टी काढा. नवा टायर दोन्ही अंगांना सुमारे 14 मिमी जास्त येतो. जुना टायर जागेवर असतानाच त्याच्या कडेपासून चेन, चेनकव्हर, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) आणि मडगार्डपर्यंतचं अंतर घ्या. त्यातून 14 वजा केल्यावर पाच-सहा मिमीसुद्धा उरत नसतील तर हट्ट सोडा आणि 100/90-18 घ्या. चेन टायरला लागली तर टायर कापला गेलाच म्हणून समजा. टायरचं माप बदलणार हे विमा कंपनीला आणि आरटीओला आधीच विचारून ठेवा. गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत.

रिम 2.15 किंवा 2.50 इंच रुंदीची चालते, 2.50 उत्तम. हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) जितकी भोकं तितकीच रिमला हवीत. स्पोक मात्र नवेच. रिमची त्रिज्या अर्ध्या इंचाने घटल्यामुळे जुना स्पोक निप्पलमधून (रिमवरच्या त्याच्या नटातून) वर येतो आणि ट्यूब पंक्चर करतो.

आता सगळ्यात नाजूक काम. चाक उकलण्याआधी हबच्या डाव्या कडेला सरळ पट्टी लावून रिमची कड तिच्यापासून किती आत-बाहेर आहे ते लिहून ठेवा. पण नव्या रिमला तेच माप द्यायचं नाही. समजा जुनी रिम बाहेरून 60 मिमी आहे आणि नवी 76. मग नवीची कड दोन्हीकडे 8-8 मिमी बाहेर यायला हवी, तरच मधली रेघ जागच्या जागी राहते. घाईतला कारागीर एक कड जुन्या मापाला लावून मोकळा होतो. सगळी वाढ दुसऱ्या अंगाला जाते आणि मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. हिशेब कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. बांधून झाल्यावर चाक फिरवून आउट, म्हणजे रिमचा डगमगाट बघा: आडवा किंवा उभा, 2 मिमीच्या आत हवा.

पुढचं नेहमीचंच. रिमवर रबरी पट्टी, 18 इंची ट्यूब (टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी अशा साध्या स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच), आणि टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला. साबणाचं पाणी लावून हवा भरा. टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. ड्रममधले धक्का शोषणारे रबर चेपले असतील तर याच वेळी बदला. चेनचे दोन्ही अ‍ॅडजस्टर सारख्या खाचेवर ठेवा, चेनला 25-30 मिमी ढील द्या, ब्रेकचा रॉड पुन्हा लावा.

मग एखाद्या वजनदार मित्राला मागे बसवून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून सावकाश न्या आणि मडगार्डच्या आत घासल्याची खूण शोधा. शंभरेक किलोमीटर झाले की स्पोक पुन्हा ताणून घ्या. नवे स्पोक थोडे सैल पडतातच.