पिल्लू चावतंय? आधी त्याची झोप मोजा

पावसाळा सरला की साताऱ्यात गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात आणि थंडीत त्यातलं एखादं आपल्या घरात येतं. गोडोलीला आमच्याकडे तांबू असाच आला. पहिल्या आठवड्यात संध्याकाळ झाली की तो पायजम्याला लोंबकळायचा, मुलांच्या घोट्यांना चावायचा, अंगणात गरागरा पळायचा. याला खेळ कमी पडतोय, असं समजून आम्ही आणखी बॉल फेकायचो आणि तो आणखी चावायचा. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात झोपतो किती?" आम्हाला सांगता येईना. सकाळी दूध येण्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कुणी ना कुणी त्याला उचलतच होतं.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. त्याची वाढ झोपेत होते, शिकलेलं डोक्यात बसतं तेही झोपेत. दमलेलं माणूस आडवं होतं, पण दमलेलं पिल्लू उलट पेटतं. तेव्हा दोन दिवस वहीत लिहा: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, कुणी उठवलं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक घरच्यांचीच नावं येतील.

जागा ठरवा

येण्याजाण्याच्या वाटेवर नको, टीव्हीसमोर नको. भिंतीकडेचा कोपरा चांगला. थंडीत शहाबादी फरशी बर्फासारखी गार पडते, म्हणून खाली गोणपाट आणि वर जुन्या वाकळेची घडी घाला. वाकळेचे लोंबणारे दोरे आधी कापून टाका, पिल्लू ते गिळतं. मोठा खोका आडवा ठेवला की त्याला गुहेसारखा आडोसा मिळतो. पिंजरा वापरणार असाल तर सुरुवातीला दार उघडंच ठेवा, खाणं आत द्या आणि शिक्षा म्हणून कधीच आत कोंडू नका. साखळीने बांधून झोपवणं तर नकोच, रात्रीत गळ्याला पीळ बसू शकतो. उन्हाळ्यात हेच सगळं उलटं करा: वाकळ काढा, गार फरशी मोकळी ठेवा, पाणी जवळ ठेवा.

दिवसाचा क्रम

उठलं की आधी शू. मग खाणं, पुन्हा शू, थोडा खेळ, आणि उठल्यापासून साधारण तासाभरात परत अंथरुणावर. एकदा डोळा लागला की दीड-दोन तास त्याला हात लावायचा नाही.

दात जोरात लागायला लागले, नावाने हाक मारली तरी ऐकेना, उगाच धावत सुटलं, की झोपेची वेळ टळून गेली असं समजा. ओरडू नका. उचलून जागेवर न्या, चावायला जाड कापडाची गाठ द्या आणि पाच-दहा मिनिटं शेजारी गप्प बसा. ही पाच-दहा मिनिटंच सगळ्यात अवघड जातात, कारण बसणाऱ्यालाही हालचाल करायची नसते आणि मोबाईलचा आवाजही चालत नाही. पण चार दिवसांत तांबू कोपऱ्याकडे नेलं की स्वतःच वाकळ उकरायला लागला.

शेजारपाजारची मुलं हा खरा प्रश्न. त्यांना हाकलू नका, काम द्या. आम्ही पुठ्ठ्यावर "तांबू झोपलाय" असं लिहून तो मुलांच्याच हातात दिला. तान्ह्या बाळाची झोप मोडू नये हे आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असतं, फक्त हे पिल्लूही तान्हंच आहे एवढं सांगावं लागतं.

झोपेत पाय हलतात, ओठ थरथरतात, बारीक कण्हणं ऐकू येतं. ते स्वप्न आहे, उठवू नका. मात्र अंग ताठ झालं, हाक मारूनही शुद्ध येईना, तर ती झटक्याची, म्हणजे फिट येण्याची खूण असू शकते. डॉक्टरांकडे न्या.

रात्र

रात्रीचं खाणं झोपण्याआधी दोन-तीन तास उरका आणि दिवे मालवण्याआधी शू करवून आणा. पहिले एक-दोन आठवडे त्याची जागा तुमच्या अंथरुणाशेजारी हवी. "रडू दे, सवय होईल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं ठाम मत याउलट आहे. कालपर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात झोपत होतं. आणताना आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून घ्या, तो वास फार उपयोगी पडतो. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकत घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार तसं विकायला बंदीच आहे.

कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका कडेला ठेवा. दुसरी कडा मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल.

नुकतंच निजवलेलं पिल्लू कुरकुरलं तर नुसता हात ठेवा. मध्यरात्री झोपून उठून रडलं तर बहुधा शू आली असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही, त्यामुळे रात्रीत दोनदा उठायची तयारी ठेवा. बाहेर न्या, काम झालं की परत आणा. मोठा दिवा नको, लाड नको, बोलणंही नको. नीट झोपायला लागलं की अंथरूण रोज हातभर कोपऱ्याकडे सरकवा.

लग्नसराईत बँड आणि फटाके असले की त्या संध्याकाळी आतली खोली, बंद खिडक्या आणि पंख्याचा एकसुरी आवाज. तेवढं पुरतं.

तरीही झोपेना तर

अंगावर पिसवा आणि गोचीड बघा, खाजवून खाजवून पिल्लू रात्रभर जागं राहतं. गोठ्यातलं जनावरांचं गोचिडाचं औषध मात्र लावू नका, लहान पिल्लाला ते विषासारखं बाधू शकतं. पोट फुगलेलं असेल तर जंतांचं औषध वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या.

वीस तास झोपून मधल्या वेळात भूक लागते, शेपटी हलते, तर काळजी नाही. पण उठवूनही उठत नाही, खात नाही, उलट्या होतात किंवा रक्ताची, घाण वासाची जुलाब लागलीय, तर ती झोप नव्हे. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो, सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.