उतारावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावताय? मग पाऊस यायच्या आधी एवढी तयारी हवीच

ही झाडं उताराला आडव्या दाट ओळींत लावतात, म्हणजे ओळ वाहून जाणारी माती धरते आणि छाटलेला पाला पिकाला खत, आच्छादन म्हणून मिळतो. सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका, ती म्हणजे कुठली झाडं पाल्यासाठी आणि कुठली बियाण्यासाठी. बरेच जण म्हणतात की एकच ओळ लावू, माती पण धरेल आणि बी पण मिळेल. तसं होत नाही. माती धरायला आणि पाला मिळायला ओळ सारखी छाटावी लागते आणि छाटलेल्या फांदीला फूल कुठून येणार. गिरिपुष्प तर जुन्या फांदीवर कोरड्या दिवसात फुलतं, ती फांदी तुम्ही आधीच कापली असेल तर शेंग विसरा. म्हणून बियाण्याची २५-३० झाडं पहिल्याच दिवशी वेगळी काढा, शेताच्या कडेला, पिकावर सावली येणार नाही अशा जागी, झाडात ३-४ मीटर अंतर ठेवून, आणि त्यांना विळा लावायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता जात कुठली. सुबाभळीला आम्लधर्मी जमीन मानवत नाही, तिथे फ्लेमिंजिया (ओळीत लावायचं शेंगवर्गीय झुडूप) बरी. ती सुरुवातीला हळू वाढते पण तिचा पाला लवकर कुजत नाही त्यामुळे आच्छादन जास्त दिवस टिकतं. गिरिपुष्पाचा पाला उलट भराभर कुजतो आणि पिकाला नत्र लवकर देतो. माझं मत विचाराल तर एकाच जातीवर सगळं शेत टाकू नका, सुबाभळीवर सिलिड नावाची बारीक कीड आली की कोवळे शेंडे पार बसतात, दुसरी जात सोबत असली की निदान निम्मी ओळ तरी उभी राहते.

गिरिपुष्प फांदी खोचून पण येतं आणि ते सोपं म्हणून सगळे तेच करतात, पण उतारावर बी पेरूनच लावा. फांदीपासून आलेल्या झाडाची मुळं वरवर पसरतात, बियाच्या झाडाची खोल जातात, आणि आपल्याला उतारावर नेमकं तेच पाहिजे ना.

मग आखणी, म्हणजे उताराला आडवी, एका लेव्हलची ओळ शोधणं. दोन सारख्या काठ्या, साधारण २ मीटरच्या, वर एकत्र बांधायच्या, मधे एक आडवी काठी, आणि वरच्या टोकाला दोरी बांधून खाली दगड लटकवायचा, झाली ए-फ्रेम तयार. आता हिचे दोन पाय जमिनीवर ठेवा, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा, मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, परत खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण करा, दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका लेव्हलला. असं एकेक पाऊल टाकत खुंट्या ठोकत जा. एखादी खुंटी फारच वेडीवाकडी गेली तर थोडी सरळ करून घ्या पण ओळ उताराच्या दिशेने घसरू देऊ नका, नाहीतर पाणी अडायच्या ऐवजी ओळीच्या कडेने पळायला लागतं. खुंट्यांच्या दोन ओळींमध्ये ४-५ मीटर अंतर, उतार जास्त असेल तर अजून कमी. खुंट्यांच्या प्रत्येक ओळीवर एक मीटर रुंदीची जागा खोदून मोकळी करायची आणि तिथे बी पेरायला अर्ध्या मीटरवर दोन सऱ्या. आणि हो, सगळं शेत एकदम नांगरायचं नाही! पहिल्या वर्षी रोपं लहान असतात, ती काही अडवत नाहीत, म्हणून ओळींच्या मधल्या पिकाच्या पट्ट्यांपैकी एक पट्टा नांगरा, एक तसाच गवताचा ठेवा.

बियाणं महिनाभर आधी हातात पाहिजे. १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा आणि त्या हिशोबाने बी वाढवा. सुबाभळीचं बी गुळगुळीत आणि कडक असतं, तसंच पेरलं तर आज एक उगवेल, दोन महिन्यांनी दुसरं. पाणी उकळा, गॅस बंद करा, ८० अंशापर्यंत येऊ द्या, त्यात बी ३-४ मिनिटं ठेवा आणि मग गार पाण्यात रात्रभर. सकाळी जे फुगलं ते तयार, जे तसंच टणक राहिलं त्याला परत गरम पाणी. गिरिपुष्पाला हे काही लागत नाही, त्याचं बी उकळत्या पाण्यात घालून वाया घालवू नका.

त्या जमिनीत आधी ही झाडं नसतील तर बियाण्याला त्या जातीचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावा, सावलीत, पेरायच्या आधी लगेच. दीड-दोन महिन्यांनी एक रोप हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लाल निघाली की गाठ काम करतेय.

पेरणी दाट करा, आणि थोडं बी मागे राखून ठेवा कारण ओळीत हातभर जरी गॅप राहिला तरी सगळं पाणी तिथे गोळा होतं आणि तिथूनच घळ पडते. शेळ्यांसाठी कुंपण आणि सुरुवातीची खुरपणी या दोन्हीत कुचराई नको.

छाटणी झाड छातीइतकं आल्यावर, अर्धा ते एक मीटरवर. सुबाभळीची पाल्याची ओळ शेंगा धरायच्या आधीच कापा, नाहीतर बी सगळीकडे सांडून तीच तण होऊन बसते.

बी काढायच्या वेळी लागणारं सामान पण आत्ताच जमवा: गोणपाट, जाळी, घट्ट झाकणाचे कोरडे डबे. गिरिपुष्पाच्या शेंगा हिरव्याच्या पिवळट-तपकिरी व्हायला लागल्या की तोडायच्या, झाडावर वाळल्या तर तडकून बी लांब उडतं. उन्हात पसरताना पण वर जाळी टाका, दुपारी तडतड आवाज सुरू होतो. वेगवेगळ्या झाडांवरचं बी एकत्र करा, एकाच भरलेल्या झाडावर सगळा डबा भरू नका. बारीक भोक दिसलेलं बी बाजूला काढा, आत भुंगा असतो आणि तो डब्यात पसरतो. डब्यावर जात आणि तोडल्याची तारीख लिहा, पेन्सिलने लिहा, पेनची शाई दमटपणाने पुसली जाते.