मांजर सारखं खाजवतंय? आधी पिसवा तपासा

मांजराच्या खाजेमागे बहुतेक वेळा पिसवाच असतात. त्या दिसत नाहीत म्हणून नाहीतच, असं समजू नका. मांजर अंग चाटता चाटता त्या गिळून टाकतं, आणि ॲलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर विंचरा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच.

पिसवा सापडल्या तर घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी उपचार हवेत. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, कोपरे व्हॅक्यूम करा, कारण अंडी तिथेच पडलेली असतात. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, त्याने जीव जाऊ शकतो. टी ट्री तेलही नको, आणि माणसांची मलमं तर ते लगेच चाटून पोटात घेतं.

पिसवांचा बंदोबस्त करूनही डोकं, मान खाजतच राहिली तर अन्नाची ॲलर्जी असू शकते. ती ओळखायला डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान 8 आठवडे ठरावीक आहारच द्यावा लागतो, मध्ये एकही वेगळा घास नाही. गोल टक्कल पडलं असेल तर गजकर्णाची शंका घ्या. ते माणसांनाही होतं. जखम, पू किंवा सुजलेला चेहरा दिसला तर थांबू नका, थेट पशुवैद्याकडे न्या.